भूगोल घेऊन काय करणार?

मुलांनो, शाळा सुरू झाली. नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली असतील, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी लिहून झाली असेल. पण ज्यांच्या घरी ताई किंवा दादा बारावी झालेत, त्यांच्या घरात सध्या वेगळीच धांदल असणार. कुठल्या कॉलेजात नाव घालायचं? कोणता विषय घ्यायचा? घरात जितकी माणसं, तितकी मतं!

अशीच एक धांदल परवाच्या रविवारी माझ्या घरी आली. मी पूर्वी यावल तालुक्यातल्या एका गावात शिकवत होते. तेव्हा चौथीत असलेली माझी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील. भाऊंच्या हातात पिशवी, पिशवीत केळीच्या दोन फण्या. चहा व्हायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"बाई, ही तुमचं ऐकते, म्हणून आलो. सांगा बरं हिला काही. बारावी चांगली पास झाली. आम्ही म्हणतो नर्सिंगला जा, नाहीतर तुमच्यासारखं डी.एड. कर. तर ही म्हणते, बी.ए.ला भूगोल घेते. आता भूगोल घेऊन काय करणार ही? नद्या आणि राजधान्या पाठ करणार?"

ताई (तुमच्यासाठी ती ताईच) खाली मान घालून बसली होती. तिच्या मांडीवर एक जुनी चित्रकलेची वही होती. तिचं काम पुढे आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

मला हसू आलं. भाऊंचं नाही, स्वतःचं. कारण भूगोल म्हणजे पाठ करायचा विषय, असं एके काळी मीसुद्धा समजत होते. तसंच शिकवत होते.

माझी चूक

ही गोष्ट मी नोकरीला लागले त्या वर्षीची. नुकतंच डी.एड. झालं होतं. फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा टांगायचा आणि छडी फिरवत म्हणायचं, "जळगाव जिल्हा कशासाठी प्रसिद्ध?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "केळीसाठी!" मला वाटायचं, झाला भूगोल.

एक दिवस मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझ्या मामाचं गाव साक्री तालुक्यात आहे. तिथंही नदी आहे, काळी माती आहे. मग तिथं रावेरसारखी केळी का नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. "येत नाही, शोधून सांगते" असं म्हणायला हवं होतं. पण मी नवी होते, वर्गापुढे कमीपणा वाटला. मी म्हणाले, "पुस्तकात दिलंय तेवढं लिही आणि खाली बस." तो बसला. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने मला एकही प्रश्न विचारला नाही.

मुलांनो, ते मला फार लागलं. पुढे नोकरी करता करता बी.ए. करायचं ठरवलं, तेव्हा अर्जात विषय लिहिताना तोच मुलगा डोळ्यांसमोर आला. मी 'भूगोल' लिहिलं. दिवसा शाळा, रात्री अभ्यास, सुट्टीत प्रात्यक्षिकं, अशी ती वर्षं गेली.

"मग मिळालं का बाई उत्तर?" भाऊंनी विचारलं.

"मिळालं. आणि त्यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे."

केळी इथंच का?

"भाऊ, तुमच्या शेतात खणलं तर काय लागतं?"

"माती. खाली मातीच. खडक काही लवकर लागत नाही."

"आणि धुळ्याकडे?"

"तिकडे हातभर खणलं की मुरूम, मग काळा पाषाण."

पाहा, भाऊ कधी कॉलेजात गेले नाहीत, पण पहिला धडा त्यांना येत होता. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेकडे! कारण तापीचं खोरं ही खचदरी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये जमीन खचलेली. या खोलगट भागात नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी डोंगराच्या पायथ्याशी गोटे, वाळू, रेती पसरली. पावसाचं पाणी त्यातून भराभर खाली मुरतं आणि गाळाच्या थरांत साठतं. यावल-रावेरच्या विहिरींना पाणी मिळालं ते यामुळे. केळीला तर पाणी बारमाही लागतं.

पण माती आणि पाणी असलं म्हणजे झालं का? केळी हे नाशवंत फळ. घड कापला की चार दिवसांत पिकायला लागतो. गावात खाऊन खाऊन किती खाणार? ती दूरच्या बाजारात वेळेवर पोचली पाहिजे. इथे रेल्वे आली. १८६० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला पोचला आणि तिथून एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे गेला. खंडव्याच्या वाटेवर निंभोरा, सावदा, रावेर ही स्टेशनं आहेत. याच स्टेशनांवरून पुढे केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जाऊ लागल्या. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील.

आणि तिसरी गोष्ट माणसं. कंद कधी लावायचा, बाग कधी निसवते, उन्हाळ्याच्या झळा अडवायला बागेभोवती काय लावायचं, हे शिकत, चुकत, पुन्हा शिकत इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'जळगावची केळी' हे नाव आता कायद्याने राखलेलं आहे.

माती, पाणी, रेल्वे, बाजार आणि माणसाचं कसब. हे सगळं एका जागी आलं, म्हणून केळी इथं आली. अशा प्रश्नांचा अभ्यास ज्यात करतात, त्याला कॉलेजात 'मानवी भूगोल' म्हणतात. डोंगर, वारे, नद्या यांचा अभ्यास तो प्राकृतिक भूगोल. त्या डोंगर-नद्यांमध्ये राहून माणसाने काय पिकवलं, घरं कुठं बांधली, बाजार कुठं भरवला, गाव सोडून कुठं गेला, हा मानवी भूगोल.

मग मामाच्या गावाला काय?

आता त्या मुलाच्या मामाचं गाव. साक्री तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत. जमिनीखाली कठीण खडक. विहिरीला पाणी बेताचं. पण पांझरा नदी डोंगरातून येते. मग तिथल्या लोकांनी काय केलं? नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधले आणि पाट काढून पाणी शेतात नेलं. पांझरा आणि मोसम या नद्यांवरची ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची आहे. तिला 'फड पद्धत' म्हणतात.

पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाणी कमी पडलं, एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा सगळ्यांत वाटला जातो. एकट्याचं कपाळ फुटत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांना मोबदला धान्यात मिळायचा. हे सगळं गावाने ठरवायचं, गावाने पाळायचं.

आणि गंमत ऐका. इथून हजारो किलोमीटर दूर स्पेन नावाच्या देशात व्हॅलेन्सिया शहर आहे. तिथेही पाऊस कमी, नदी एक आणि शेतकरी खूप. तिथे आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांचं पाण्याचं न्यायालय बसतं. पाटाच्या पाण्याची भांडणं तिथे तोंडी ऐकतात आणि तोंडीच निकाल देतात. ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. २००९ साली युनेस्कोने ती जगाच्या वारशात नोंदवली. साक्रीचे शेतकरी स्पेनला गेले नव्हते आणि स्पेनचे साक्रीला आले नव्हते. अडचण सारखी होती, म्हणून उत्तरंही भावंडांसारखी निघाली.

फ्रान्समध्ये विदाल द ला ब्लाश नावाचे भूगोलाचे मोठे प्राध्यापक होऊन गेले (१८४५–१९१८). त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : निसर्ग माणसापुढे काही शक्यता मांडतो, त्यांतली कोणती उचलायची ते माणूस ठरवतो. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला आपली पांझराच आठवली. निसर्गाने पाणी थोडं दिलं. त्या थोड्या पाण्याचा फड करायचा की भांडण करायचं, ते माणसांनी ठरवलं.

"म्हणजे त्या पोराला हे सांगायचं होतं तुम्ही," भाऊ म्हणाले.

"हो. आणि मी त्याला खाली बसवलं."

खानदेश कुठे संपतो?

मग ताई पहिल्यांदा बोलली. "बाई, तो खानदेशचा प्रश्न विचारा ना बाबांना. आम्हाला विचारायच्या तो."

तुम्हालाही विचारते. खानदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? नकाशा समोर घ्या आणि बोट ठेवा.

भाऊ म्हणाले, "जळगाव, धुळे, नंदुरबार. संपला."

बरोबर आहे, पण पूर्ण नाही. इंग्रजांच्या काळात खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता, ठाणं धुळ्याला. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या झाल्या सरकारने आखलेल्या रेघा. रेघ आखली म्हणून शेजारच्या गावची बोली बदलते का?

आता अहिराणी बोलीची रेघ आखा. धुळे, अमळनेर, चाळीसगाव तर तिच्यात येतातच, पण नाशिक जिल्ह्यातला मालेगाव आणि बागलाणही येतो. उलट यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. सातपुड्यात गेलात तर पावरी. माझ्या एकाच वर्गात एक मुलगा 'माझा'ला 'मन्हा' म्हणायचा, दुसरा 'माह्या', आणि दोघांची दप्तरं शेजारी शेजारी!

मग केळीची रेघ आखा. ती रावेरला थांबत नाही, सरळ मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरपर्यंत जाते. आणि इतिहास पाहिलात, तर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूरलाच होती. आज ते शहर दुसऱ्या राज्यात आहे.

घरांची रेघ काढा. तापीकाठच्या सपाटीवर घराला घर लागून दाट वस्तीची गावं. सातपुड्यात पावरा लोकांची घरं मात्र ज्याच्या त्याच्या शेतात, दूर दूर. डोंगरउतारावर सपाट जागा थोडी असते. जिथं शेत तिथं घर, असं तिथलं गणित.

जिल्हा, बोली, पीक, घरं. चार रेघा काढल्या आणि चारही वेगळ्या पडल्या! जिथे त्या एकमेकींवर येतात, तो भाग खानदेशचा गाभा. जिथे त्या सुट्या होतात, तिथे खानदेश हळूहळू पातळ होत जातो आणि शेजारचा मुलूख सुरू होतो. एखादा मुलूख असा सगळ्या अंगांनी समजून घ्यायचा, त्याला म्हणतात 'प्रादेशिक भूगोल'.

हे काम आपल्याकडे मन लावून करणारे एक प्राध्यापक होते, सी. डी. देशपांडे. (अर्थमंत्री झालेले ते सी. डी. देशमुख, ते वेगळे. परीक्षेत घोटाळा करू नका!) देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्यांचं पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचं पुस्तक निघालं. त्यांच्याच स्मरणार्थ महाराष्ट्रात १४ जानेवारी हा 'भूगोल दिन' म्हणून पाळतात. संक्रांतीच्या तिळगुळात आपण तो विसरतो. यंदा विसरू नका.

कॉलेजात काय करतात?

"हे सगळं पुस्तकात बसून शिकायचं?" भाऊंनी विचारलं.

नाही. हीच तर मजा. भूगोलाला विज्ञानासारखी प्रात्यक्षिकं असतात. पहिल्यांदा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा समोर येतो. हा विभाग १७६७ साली सुरू झाला, म्हणजे अडीचशे वर्षांहून जुना. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पाणी निळं, जंगल हिरवं, शेतं पिवळी, घरं आणि रस्ते लाल, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. या रेषा जवळजवळ आल्या की समजायचं, चढ उभा आहे. त्या नकाशात मी पहिल्यांदा आमचं गाव शोधलं, तेव्हा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

मग शेतात टेबल मांडून त्यावर कागद लावून मोजणी करायची. होकायंत्राने दिशा घ्यायची. एका गावात मुक्काम करून घरोघर जाऊन विचारायचं : घरात माणसं किती, जमीन किती, पाणी कुठून येतं, कामाला कुठं जाता, शाळा कोणी सोडली, का सोडली? पहिल्या घराच्या दारात माझी तर बोबडीच वळली होती. वर्गात चाळीस मुलांपुढे बोलणारी मी, एका आजीबाईंना "आजी, तुमच्याकडे पाणी कोण भरतं?" एवढं विचारायला पाच मिनिटं घुटमळले. पण त्या आजींनी जे सांगितलं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आता तर संगणकावर नकाशे करतात. जी.आय.एस., म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. एका नकाशावर विहिरी, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर पिकं, असे थर एकावर एक ठेवून पाहायचे. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेला आपला तालुका घरबसल्या पाहता येतो.

शिकायला लांब जायलाही नको. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात आपलं विद्यापीठ सुरू झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्यात जन्मलेल्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाईंना माती, पाऊस, शेत आणि माणूस यांचा भूगोल कुणी शिकवला असेल, हा विचार मी पुष्कळदा करते.

"आणि नोकरी?" भाऊंनी नेमका प्रश्न विचारला. पालकांनी तो विचारायलाच हवा.

मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "भाऊ, नुसत्या बी.ए.वर नोकरी दारात चालत येत नाही. पुढे शिकावं लागेल. एम.ए. करून बी.एड. केलं तर शिक्षिका होईल. संगणकावरचे नकाशे नीट शिकली, तर सर्वेक्षणाची, नियोजनाची कामं आहेत. स्पर्धा परीक्षेला भूगोल लागतोच. पण हमी मी देणार नाही. नर्सिंगचा रस्ता सरळ आहे, हे तुमचं म्हणणं खरं."

भाऊ गप्प बसले. मग ताईने ती चित्रकलेची वही उघडली.

वहीतला नकाशा

ती चौथीत असताना आम्ही गावातल्या विहिरी मोजल्या होत्या. मुलांच्या चार टोळ्या केल्या, शिवाराचे चार भाग केले. पावलं मोजून अंतर घ्यायचं आणि विहीर दिसली की निळा ठिपका द्यायचा. पाणी कुठवर आहे ते काठावरच्या मोठ्या माणसाला विचारायचं, वाकून बघायचं नाही, अशी सक्त ताकीद. त्यातून गावाचा एक वेडावाकडा नकाशा झाला होता. तो ताईने आठ वर्षं जपून ठेवला होता.

पण आता त्या नकाशावर निळ्या ठिपक्यांभोवती लाल गोल होते.

"हे काय गं?"

"या मे महिन्यात मी पुन्हा फिरले, बाई. लाल गोल म्हणजे कोरडी."

निम्म्याहून जास्त ठिपक्यांना लाल गोल होते. भाऊंनी वही हातात घेतली. चष्मा लावला. बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"ही आपली," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी खणली. दहा परस. मोट चालायची तिच्यावर. आता बोअर घेतला, तो सहाशे फुटांवर गेला." (परस म्हणजे एक पुरुषभर खोली, साधारण सहा फूट. आता गुणाकार करा आणि आजोबांची विहीर आणि बोअर यांतला फरक काढा.)

थोडं थांबून ते म्हणाले, "दरवर्षी वाटायचं, आपलंच पाणी खाली चाललंय, आपलंच नशीब. हे सगळं एका कागदावर पाहिलं नव्हतं कधी."

भाऊ म्हणाले ते एकट्या त्यांच्या गावाचं नाही. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारी पाहणीत नोंदले गेले आहेत. ज्या गाळाने आपल्याला केळी दिली, त्या गाळातलं पाणी आपण मुरण्यापेक्षा वेगाने उपसलं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्यात पाणी जिरवण्याच्या मोठ्या योजनेचा करार केला. पाणी कुठे मुरेल, कुठल्या गावाला किती लाभ होईल, कुणाची जमीन जाईल, हे ठरवायला नकाशे लागतात. गावात हिंडून माणसांशी बोलून केलेली पाहणी लागते. आणि ते करणारं कोणी इथलं असलं, तर त्याला विहीर दिसते आणि विहिरीमागचं घरही दिसतं.

हे मी भाऊंना सांगणार होते, पण गरज पडली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नकाशाच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला.

"ही राहिली तुमची. नाल्याच्या पलीकडे आहे. बुजली आता, म्हणून तुम्हा पोरांना दिसली नाही. माझ्या लहानपणी साऱ्या गावाचं पाणी तिच्यावर."

ताई म्हणाली, "बाबा, अजून कुठल्या बुजल्या?"

आणि मग मुलांनो, माझा चहा पार गार झाला. बापलेक दोघं त्या वहीवर वाकून बसले. भाऊ सांगत होते, ताई ठिपके देत होती. बुजलेल्या विहिरींसाठी तिने तिसरा रंग घेतला, पेन्सिलीचा काळा.

निघताना भाऊ म्हणाले, "अर्जात आधी भूगोल लिहू दे. नर्सिंगचा फॉर्मही भरून ठेवू. दोन्हींकडे काय होतं ते बघू." ताईने मान डोलावली. पक्कं काही ठरलं नाही, पण आल्यापासून पहिल्यांदाच ती मान वर करून हसली. वही मात्र भाऊंनी स्वतःच्या पिशवीत ठेवली, केळीच्या फण्या काढून रिकाम्या झालेल्या.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी एखादा वेगळा विषय मागते, तेव्हा "त्याचा उपयोग काय?" हे जरूर विचारा. पण त्याआधी "तुला तो का आवडतो?" हे विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. कदाचित त्या उत्तरात तुमच्याच विहिरीचा पत्ता असेल.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, आता तुमची पाळी. एक कोरा कागद घ्या. मध्ये आपलं घर काढा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पावलं मोजून काढा. वाटेत विहीर, हातपंप, पाण्याची टाकी, दुकान, मोठं झाड, जे लागेल ते खुणांनी दाखवा. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि खुणांची यादी द्यायला विसरू नका. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तो कागद दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा : "यातलं तुमच्या लहानपणी काय नव्हतं?" आणि "तेव्हा होतं, पण आता नाही, असं काय?" ते दुसऱ्या रंगाने भरा.

शेवटी एका वस्तूवर बोट ठेवून स्वतःला विचारा, "हे इथंच का?" उत्तर येत नसेल तर बाईंना, सरांना विचारा. त्यांनाही येत नसेल, तर दोघं मिळून शोधा.

आणि साक्रीला मामा असलेला तो माझा विद्यार्थी आता चांगला मोठा झाला असेल. त्याच्या हाती हा अंक पडलाच, तर त्याला एवढंच सांगते : बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला उशीर झाला.

तुमचे नकाशे मला जरूर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई